सूर्यबिंबावरचे अंतराळ स्थानक टिपण्यासाठी: डीएसएलआर की व्हिडिओ कॅमेरा?

ज्यांच्याकडे ८० मिलिमीटरच्या आसपासची अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण आणि तिच्या तोंडावर बसवायची सौर फिल्म आहे, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे सूर्यावरील अधिक्रमण, म्हणजे त्याचे सूर्यबिंबासमोरून जाणे, टिपण्यासाठी तिच्या मागे कोणता कॅमेरा लावावा अशा विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी दोन्ही वापरले आहेत. एक जुना, एपीएस-सी सेन्सरचा डीएसएलआर. दुसरा ग्रहांच्या छायाचित्रणासाठी मिळणारा, २.४ मायक्रॉन पिक्सेलचा, लॅपटॉपला जोडून चालणारा लहानसा कृष्णधवल व्हिडिओ कॅमेरा. दुर्बीण तीच, ५०० मिलिमीटर नाभीय अंतराची. माउंटही, म्हणजे दुर्बिणीची बैठकही, तेच, साधे आणि बिनमोटरचे. आणि ऊन नागपूरचे. या शेवटच्या गोष्टीचा निर्णयाशी इतका संबंध असेल, असे मला खरेदीच्या वेळी वाटले नव्हते.

कागदावर पाहिले तर व्हिडिओ कॅमेरा सरळ जिंकतो, हे आधीच मान्य करतो. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते आणि सूर्य डोक्यावर असताना ते सूर्यबिंब जेमतेम अर्ध्या-पाऊण सेकंदात ओलांडते. माझा डीएसएलआर सेकंदाला सात फ्रेम घेतो, म्हणजे एवढ्या वेळात हाती चार लागल्या तरी नशीब. व्हिडिओ कॅमेरा साठच्या वेगाने पस्तीसेक फ्रेम सहज देतो. दिवसा तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवरून पाहिले तर सूर्याची कड उकळत्या दुधासारखी हलत असते. अशा वेळी पस्तिसांतून हवा क्षणभर थांबली असतानाच्या दोन-तीन फ्रेम निवडता येणे ही मोठी सोय आहे. डीएसएलआरच्या चार फ्रेममध्ये निवडीला वावच नसतो. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर उभारली गेली, कारण पाण्यावरची हवा जमिनीवरच्या हवेपेक्षा स्थिर राहते. आपल्याकडेही अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावरून सकाळी सूर्य पाहिला तर तो फरक डोळ्यांना जाणवतो. मात्र अधिक्रमण जिथून दिसते तो जमिनीवरचा पट्टा, सूर्य माथ्यावर असताना, जेमतेम चार किलोमीटर रुंद असतो आणि तो आपल्या आवडत्या तलावावरूनच जाईल याची हमी नाही; पट्टा जिथे पडेल तिथे, मग ते तुरीचे शेत असो की विटांच्या भट्टीमागचे मैदान, आपल्यालाच जावे लागते.

वेळेच्या बाबतीतही व्हिडिओ कॅमेरा उदार आहे. अर्धा मिनिट आधी चित्रण सुरू करावे, अर्ध्या मिनिटाने थांबवावे. मधले सारे सापडते. डीएसएलआरला असे चालत नाही. रॉ स्वरूपात वीसेक फ्रेम झाल्या की माझा कॅमेरा दम खायला थांबतो, त्यामुळे भाकीत केलेल्या क्षणाच्या एक सेकंद आधी बटण दाबून ते तीन सेकंद धरून ठेवावे लागते. मोबाइलच्या घड्याळावर मी विसंबत नाही. जीपीएसची वेळ दाखवणारे अ‍ॅप हातात धरून माझा भाचा उलटे आकडे मोठ्याने म्हणतो आणि मी तारेच्या रिमोटवर अंगठा ठेवून उभा असतो. डीएसएलआरनेच व्हिडिओ घेण्याचा मध्यममार्ग मी करून पाहिला, पण फुल एचडीत स्थानक सोळा-सतरा पिक्सेलचे उरते, आणि एवढ्या आकारात ते स्थानक आहे की भिंगावर बसलेली माशी, हे पाहणाऱ्याला सांगावे लागते.

चौकटीच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. ५०० मिलिमीटरला सूर्याची प्रतिमा सुमारे ४.६ मिलिमीटरची पडते आणि माझ्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या सेन्सरची आखूड बाजू ५ मिलिमीटरची आहे. बिनमोटरच्या माउंटवर सूर्य आपल्या गतीने सरकत राहतो; ती दिशा आखूड बाजूला आली तर पाच-सहा सेकंदांत त्याची कड चौकटीबाहेर जाऊ लागते. कॅमेरा फिरवून लांब बाजू सरकण्याच्या दिशेला आणली तर सुमारे अडतीस सेकंद मिळतात, पण ते जुळवण्यातच बराच वेळ जातो आणि मघाची ती मिनिटभराची चैन उरत नाही. डीएसएलआरला मी बार्लो, म्हणजे नाभीय अंतर दुप्पट करणारे जोडभिंग, लावतो. १००० मिलिमीटरला सूर्य ९ मिलिमीटरहून थोडा मोठा पडतो, तरी भोवती एवढी जागा उरते की सूर्य मध्यावर आणून लांब बाजूने सोडून दिला तर जवळजवळ दीड मिनिट निश्चिंत राहता येते. स्थानकाचा आकार पिक्सेलमध्ये दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो, चाळीस ते पन्नास.

तरीही मोटरचे माउंट घेऊन मी व्हिडिओ कॅमेऱ्याकडेच राहिलो असतो. मला तिथून हटवले ते लॅपटॉपच्या पडद्याने. एप्रिलच्या अखेरीस काटोल रस्त्यापलीकडच्या एका शेतावरून पट्टा जाणार होता आणि सूर्य बऱ्यापैकी वर असताना, साडेदहाच्या सुमारास अधिक्रमण होते. लॅपटॉप पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून त्यावर काळी चादर टाकली आणि मी त्या चादरीत डोके खुपसून बसलो. बाहेरच्या उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना आत पाच मिनिटे काहीच धड दिसेना. दिसू लागले तेव्हा कपाळावरचा घाम टचपॅडवर पडून बाण भलतीकडे उड्या मारू लागला आणि एक्स्पोजरची पट्टी आपोआप सरकली. ती जागेवर आणेपर्यंत पंखा किंचाळायला लागला होता. कडेची तीक्ष्णता मी त्या करड्या पडद्यावर अंदाजाने ठरवली होती आणि त्यानंतर दुर्बिणीची नळी आणखी तापली होती. चौतीस फ्रेम मिळाल्या. चौतिसांतही स्थानक होते, आणि चौतिसांतही ते पुसट होते.

चूक माझी होती, यात वाद नाही. अधिक चांगल्या सावलीत, अधिक उजळ पडद्यावर कुणी हे उत्तम जमवत असेल. पण त्या दिवशी एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुर्बिणीचे तोंड सूर्याकडे असते, म्हणजे तिच्या मागे लावलेल्या डीएसएलआरची पाठ नेमकी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, आणि त्याचा पडदा कायम कॅमेऱ्याच्याच सावलीत राहतो. त्यावर सूर्यावरचा एखादा डाग दहापट मोठा करून शेवटच्या दोन मिनिटांतही फोकस पुन्हा तपासता येतो. सूर्य माथ्यावर असताना हा पडदा जमिनीकडे तोंड करतो आणि मान वाकडी करून खालून पाहावे लागते, हे खरे; बाहेर वळणारा पडदा असेल तर तोही त्रास कमी होतो.

आमच्या गावी या मुद्द्याला वजन आहे ते भूमितीमुळे. स्थानक १०९ मीटर लांबीचे आहे. ते डोक्यावर, सुमारे ४२० किलोमीटरवर असेल तर पन्नासेक विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भरते, आणि सूर्य ३० अंशांवर असताना तेच अंतर पावणेआठशे किलोमीटर होऊन ते तिसाच्या आत येते. नागपुरात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो. तो माथ्यावर येतो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. जुलैत ढग, म्हणून उरतो मे. ज्या दिवसांत स्थानक सर्वांत मोठे दिसू शकते, त्याच दिवसांत लॅपटॉप उघड्यावर नेणे सर्वांत अवघड, अशी ही आमची अडचण आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या वाचकाचा निष्कर्ष कदाचित वेगळा निघेल.

डीएसएलआरची एक उणीव झाकून चालणार नाही. बार्लोमुळे प्रकाश चौपट कमी होतो आणि स्थानकाची कड पुसट होऊ नये म्हणून एक दोन-हजारांश सेकंदाचा शटरवेग तर हवाच. त्यामुळे घनता ५ च्या, म्हणजे प्रकाशाचा लाखावा भागच आत सोडणाऱ्या, फिल्मवर आयएसओ हजाराच्या आसपास न्यावा लागतो. ३.८ घनतेची छायाचित्रणाची फिल्म घेतली तर १०० वरही भागते, पण ती लावलेली असताना व्ह्यूफाइंडरला डोळा कदापि लावू नये, आणि कॅमेऱ्याला ते छिद्र आहे म्हटल्यावर पाहुण्यांचे मूल कधी डोळा लावील हे सांगता येत नाही. मी त्यावर चिकटपट्टी मारून ठेवतो. व्हिडिओ कॅमेऱ्याला असे छिद्रच नाही. त्याचा खर्च मात्र दुसरीकडे निघतो: ६४ लाख पिक्सेल, सेकंदाला साठ वेळा, म्हणजे मिनिटाला तेवीस गीगाबाइटच्या घरात. साधी हार्ड डिस्क तेवढे लिहू शकत नाही आणि मधल्या फ्रेम गाळते, म्हणून एसएसडी हवीच.

मोठी उदाहरणे दोन्ही बाजूंना आहेत. २०१७ च्या ऑगस्टमधील सूर्यग्रहणात नासाने वायोमिंगमधील बॅनरजवळून सेकंदाला १,५०० फ्रेमच्या वेगाने स्थानक टिपले. त्याच्या आधी, १७ सप्टेंबर २००६ रोजी, फ्रेंच खगोल-छायाचित्रकार थिएरी लेगो यांनी नॉर्मंडीतून स्थानक आणि त्यापासून नुकतेच सुटलेले अटलांटिस यान एकाच चौकटीत घेतले, ते एक आठ-हजारांश सेकंदाच्या एका फ्रेममध्ये आणि डीएसएलआरनेच. त्यांची दुर्बीण १५० मिलिमीटरची होती, हेही सांगायला हवे.

ज्यांच्याकडे मोटरचे माउंट आहे, गाडीच्या डिकीत बसून काम करता येते आणि सूर्याच्या पृष्ठभागाचे बारकावेही हवे आहेत, त्यांना मी व्हिडिओ कॅमेऱ्यापासून परावृत्त करणार नाही. बाकीच्यांनी घरातला डीएसएलआर आधी लावून पाहावा. त्या एप्रिलनंतरच्या मे महिन्यात डीएसएलआरवर मला चार फ्रेम मिळाल्या. तीन हवेने खाल्ल्या, चौथीत सौरपंखांच्या जोड्या वेगवेगळ्या मोजता येतात. व्हिडिओ कॅमेरा मी विकलेला नाही. तो रात्री गच्चीवर गुरू आणि शनीसाठी लावतो, आणि तेव्हा लॅपटॉपचा पडदा इतका लख्ख दिसतो की उजेड कमी करावा लागतो.