ट्रेलरमधला प्रोपेनवरचा फ्रिज, जो आम्ही जवळजवळ बदलून टाकणार होतो

आम्ही अमेरिकेत डेन्व्हरला राहतो, तीन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला आणि त्यात प्रोपेनवरचा फ्रिज आला. टू-वे आहे, म्हणजे वीज मिळाली तर विजेवर चालतो नाहीतर गॅसवर. हा रिव्ह्यू त्या फ्रिजचा आहे आणि ह्या मे महिन्यात घरी येऊन तो साफ करून देणाऱ्या मोबाइल आरव्ही (असल्या ट्रेलर-गाड्यांच्या) टेक्निशियनच्या सर्व्हिसचाही, दोन्ही एकत्रच लिहितेय.

मागच्या ऑगस्टमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांना घेऊन ग्रेट सँड ड्यून्स ह्या वाळूच्या डोंगरांच्या नॅशनल पार्कला गेलो. पार्कमधल्या कॅम्पग्राउंडला वीज नाही म्हणून फ्रिज गॅसवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आत कोमट, त्यांनी श्रीखंडासाठी घरून बांधून आणलेला चक्का आंबून फसफसलेला, दूध नासलेलं, आणि आतला थर्मामीटर 58 फॅरनहाइट दाखवतोय. 40 च्या आत पाहिजे, त्याच्या वर खाणंपिणं ठेवायचं नाही, त्यामुळे सगळं फेकलं. ट्रेलरच्या बाहेरून फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला जी जाळीची झडप असते ती उघडून नवरा वाकून बघत होता तर सासूबाई मागून म्हणाल्या, "अरे, ज्योत पिवळी मारतेय बघ, आपल्या रॉकेलच्या स्टोव्हची मारायची तशी. बर्नर भरलाय तो." आम्ही तेव्हा ते मनावर घेतलं नाही. तेव्हाच घ्यायला हवं होतं.

घरी आल्यावर ट्रेलर एका वर्कशॉपमध्ये नेला, नाव लिहीत नाही. त्यांनी बर्नरचं कव्हरसुद्धा न काढता सांगितलं की कूलिंग युनिट, म्हणजे थंडावा तयार करणारा मागचा नळ्यांचा भाग, गेलंय, नवीन फ्रिज बसवा, मजुरी धरून 2,800 डॉलर. मला अजून राग येतो तो ह्याचाच, कारण ह्या फ्रिजची सगळ्यात साधी टेस्ट कोणीही करू शकतं. आम्ही ट्रेलर घरासमोर उभा करून फ्रिज 24 तास विजेवर लावला आणि तो व्यवस्थित 36 वर आला. कूलिंग युनिट दोन्हीसाठी एकच असतं, फक्त उष्णता कुठून मिळते एवढाच फरक, त्यामुळे विजेवर थंड होतोय आणि गॅसवर होत नाही म्हणजे युनिट ठणठणीत आहे आणि घोळ गॅसच्या बाजूला आहे. एवढं एक कळलं असतं तर आमचा अख्खा सप्टेंबर वाया गेला नसता.

उष्णता देऊन थंड कसं होतं हे मलाही आधी माहीत नव्हतं. घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर ह्यात नसतोच, हलणारा एकही पार्ट नाही, म्हणून आवाजही नाही. 1922 मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स ह्या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ही पद्धत आहे. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतं, खाली ज्योत लागली की पाण्यातून अमोनियाची वाफ निघून वर जाते, मागच्या पत्र्याच्या पात्यांमध्ये गार होऊन तिचा द्रव होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना तो फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो आणि परत पाण्यात मिसळतो. सगळं फिरतं ते उष्णतेवर आणि उतारावर, म्हणून ज्योत चांगली हवी, मागे हवा खेळती हवी आणि ट्रेलर लेव्हलमध्ये हवा. ट्रेलर तिरका उभा करून फ्रिज तासन् तास चालू ठेवला तर द्रव एका जागी साचून युनिट कायमचं खराब होऊ शकतं. चालत्या गाडीत हलत राहतो म्हणून तिथे चालतं, उभा केल्यावर मात्र आधी लेव्हल, मग बाकी सगळं.

टेक्निशियनचं काम मी पूर्ण वेळ शेजारी बसून बघितलं. पहिलं म्हणजे त्याने सिलेंडर बंद केला, वीज काढली, मग बर्नर सोडवून खाली घेतला आणि चिमणीच्या नळीतून तारेला लटकवलेली पिळाची पट्टी वर ओढून काढली. तिच्याबरोबर जो गंज खाली पडला तो बघण्यासारखा होता, कांद्याच्या सालीसारखे पातळ तांबूस पापुद्रे, मूठभर, आणि बर्नरच्या बारीक फटींवर त्याचाच थर बसलेला, त्यात कोळ्याचं जाळं. ज्योतीला हवाच मिळत नव्हती! त्यात सँड ड्यून्सला आठ हजार फुटांवर आधीच हवा विरळ, म्हणून खाली डेन्व्हरमध्ये कसाबसा चालणारा फ्रिज तिथे वर गेल्यावर पडला. नळी त्याने लांब ब्रशने घासली, बर्नर हवेच्या फवाऱ्याने साफ केला, आणि ज्या पितळी जेटमधून गॅस येतो तो अल्कोहोलमध्ये भिजत ठेवला. मी विचारलं, पिन मारून लवकर नाही का होणार? आपल्याकडे स्टोव्हला पिन मारायची सवय, हात तिकडेच जातो. तो म्हणाला, अजिबात नाही, ते भोक इतकं बारीक आणि मापात असतं की सुईने थोडं जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत परत पिवळी होते. भिजवायचा, हवेत वाळवायचा, नाही जमलं तर नवीन टाकायचा.

सगळं परत बसवल्यावर गॅस सोडून प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं, मीटर लावून गॅसचं प्रेशर 11 इंच वॉटर कॉलमवर (गॅसचं प्रेशर मोजायचं माप) आहे ह्याची खात्री केली, आणि मग पेटवला. निळी, ताठ, घोंगावणारी ज्योत! सासूबाईंना लगेच व्हिडिओ कॉल करून दाखवली, त्या म्हणाल्या, "हां, आता कशी ज्योत दिसतेय." दोन तासांचे 190 डॉलर घेतले, घाई केली नाही, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर दिलं, आणि पुढच्या वर्षीपासून हे तुम्ही घरी करू शकता असंही स्वतःच सांगितलं. सर्व्हिसला पाच स्टार.

फ्रिजला मी चार देईन. एक कापला कारण थंड व्हायला फार वेळ लागतो, रिकामा असताना आदल्या संध्याकाळी चालू करावा लागतो आणि सामान आधीच गार करून भरावं लागतं, गरम भाजीचं पातेलं ठेवलं तर अर्धा दिवस गेलाच समजा. युटामधल्या मोआबला 100 फॅरनहाइटच्या वर ऊन होतं तेव्हा धापा टाकत होता, ट्रेलर फिरवून फ्रिजची बाजू सावलीत घेतली तेव्हा सावरला. आत गच्च भरू नका, फ्रिजच्या आतल्या पात्यांसमोर हवा फिरायला जागा ठेवा, आम्ही बॅटरीवरचा छोटा पंखा आत ठेवलाय त्याचा चांगला फरक पडतो. पात्यांवर बर्फ चढला की फ्रिज बंद करून आत गरम पाण्याचं भांडं ठेवायचं, सुरीने खरवडायचं नाही. आतून पुसायला कोमट पाणी आणि खायचा सोडा, वासाचे साबण नकोत कारण तो वास महिनाभर जात नाही. दाराच्या रबरात एक नोट धरून दार लावायचं, ती सहज सरकून आली तर रबर गेलं. हिवाळ्यात ट्रेलर बंद ठेवताना फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवा, आम्ही पहिल्या वर्षी बंद ठेवलं आणि मार्चमध्ये आत काळी बुरशी होती. बाहेरच्या झडपेला आणि छतावरच्या झाकणाला किड्यांची जाळी लावून घ्या पण बारीक कापडासारखी नको, हवा अडते.

आणि पिवळी ज्योत दिसली तर ती नुसती थंडाव्याची बाब नाही, नीट न जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तेव्हा ट्रेलरमधला डिटेक्टर चालतोय ना हे बटण दाबून बघाच. पेट्रोल भरायला शिरण्याआधी फ्रिजचा गॅस बंद. मागच्या नळ्यांवर पिवळट पावडर दिसली किंवा अमोनियाचा झणझणीत वास आला तर मात्र युनिट खरंच गेलंय, फ्रिज बंद करून दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. त्याशिवाय कोणी नवीन फ्रिज घ्या म्हणालं तर आधी 24 तास विजेवर लावून बघा.