बर्फात ठेवलेली पिशवी

डेंग्यूमुळे मला सहा दिवस रुग्णालयात राहावे लागले. त्यातल्या तिसऱ्या रात्री एका अनोळखी माणसाने प्लेटलेटची (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींची) पिशवी मिळवून देतो असे सांगून माझ्या धाकट्या भावाकडून त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी रक्कम घेतली. ती पिशवी मला चढवली गेली असती तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही. माझा भाऊ शिकलेला आहे, व्यवहारात सावध आहे, तरीही तो फसला. तो कसा फसला हे नीट कळल्याशिवाय दुसऱ्या कोणाला सावध राहता येणार नाही, म्हणून हे सगळे क्रमाने लिहीत आहे.

ताप अचानक चढला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि सांधे मोडून आल्यासारखे, अंथरुणावर कूस बदलणेही नको वाटावे अशी अवस्था होती. तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीत एनएस-१ (डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन) पॉझिटिव्ह आले. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ सांगितले आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी कोणतीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही बजावले. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डेंग्यूचा धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. दुपारपासून माझ्या पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले आणि मला तसेच उचलून रुग्णालयात नेले.

तिथली गर्दी सांगण्यासारखी आहे, कारण फसवणुकीला जागा तिथेच मिळाली. डेंग्यूची साथ होती. वॉर्डात एका खाटेवर दोघी, दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून तिसरी, आणि बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून आणखी एक रांग, अशी परिस्थिती होती. माझी सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधली होती. रात्रपाळीला चाळीसेक रुग्णांमागे दोन सिस्टर होत्या आणि त्या दोघींनी एका क्षणाचीही विश्रांती घेतलेली मी पाहिली नाही; त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला दोन शब्द समजावून सांगायला तिथे कोणाकडेही वेळ नव्हता. रक्ताचे अहवाल वॉर्डाच्या दाराजवळच्या टेबलावर गठ्ठ्याने येऊन पडत आणि नातेवाईक त्यातून आपापला कागद शोधून आकडा मोठ्याने वाचत. 'किती आल्या पेशी?' एवढा एकच प्रश्न दिवसभर त्या दारात ऐकू येई.

माझ्या प्लेटलेट दाखल झाले तेव्हा ३८ हजार होत्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २२ हजार झाल्या. निरोगी माणसात त्या साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात, त्यामुळे हा आकडा वाचून भावाचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी रात्री फेरीला आलेल्या डॉक्टरांना त्याने विचारले, तेव्हा त्या 'पेशी उतरत आहेत, लक्ष ठेवून आहोत, बघू' एवढेच बोलून पुढच्या खाटेकडे वळल्या. त्या 'बघू'मध्ये पूर्ण उपचार होता हे आम्हाला नंतर कळले. दर सहा तासांनी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) तपासायचा, रक्तदाब आणि नाडी मोजायची, लघवी किती झाली याची नोंद ठेवायची आणि त्यानुसार सलाईनचा वेग कमीजास्त करायचा, असे माझ्या केसपेपरवर स्वच्छ लिहिलेले होते. भावाला मात्र त्या एका शब्दात दुर्लक्ष दिसले.

तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास तो माणूस त्याच्यापाशी आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, पण पत्र खिशात सारलेले. त्याने भावाला नावाने हाक मारली नाही, तर 'बावीस हजारवाल्या ताईंचे तुम्हीच ना?' असे विचारले. याने आकडा दारातल्या टेबलावरून उचलला असेल, ही शंका भावाच्या मनात आलीच नाही. त्याला वाटले, हा आतलाच माणूस आहे. पुढचे बोलणे भावाने मला जसे सांगितले तसे लिहिते.

'दादा, वीसच्या खाली गेल्या की हातात काही राहत नाही. इथे यादी मोठी आहे, तुमचा नंबर परवा लागेल.'

'साहेब, मग मी काय करू?'

'रक्तगट सांगा. दोन तासांत पिशवी आणून देतो. एका पिशवीत लाखावर जातील. फक्त सिस्टरना आत्ताच सांगू नका, त्यांची नोकरी जाते.'

भावाने मित्रांकडून हातउसने घेऊन पैसे जमवले आणि निम्मे त्याच्या मोबाइलवर पाठवले, उरलेले रोख दिले. पावती मागितली तेव्हा 'पिशवीबरोबर येईल' असे उत्तर मिळाले. रात्री साडेबाराला तो माणूस थर्माकोलचा लहान डबा घेऊन आला, डबा भावाच्या हातात ठेवला आणि गाडी चुकीच्या जागी लावली आहे असे सांगून जिना उतरला. त्यानंतर तो दिसला नाही. त्याचा फोनही पहाटेपासून बंद झाला.

डबा घेऊन भाऊ सिस्टरकडे गेला. त्या सिस्टर मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. त्यांनी झाकण उघडले, आत बर्फाच्या तुकड्यांत रुतवलेली पिवळसर पिशवी पाहिली आणि पिशवीला हातही न लावता विचारले, 'हे तुम्हाला कोणी दिले?' प्लेटलेट कधीही बर्फात ठेवत नाहीत. त्या २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, सतत हलत राहणाऱ्या यंत्रावर ठेवाव्या लागतात आणि तशाही साधारण पाचच दिवस टिकतात. सिस्टरनी डबा रुग्णालयाच्या रक्तपेढीत पाठवला. भाऊ सोबत गेला होता. तिथल्या तंत्रज्ञाने पिशवी दिव्यासमोर धरून हळूच कलती केली. चांगल्या प्लेटलेट असतील तर अशा वेळी द्रवात रेशमी धाग्यांसारख्या लाटा फिरताना दिसतात, असे त्याने भावाला सांगितले. या पिशवीत तसे काही दिसले नाही. लेबलवरचा मूळ रक्तगट खरवडून त्यावर बॉलपेनने माझा गट लिहिलेला होता. ज्या रक्तपेढीचे लेबल होते तिथे फोन केला तेव्हा कळले की त्या क्रमांकाची पिशवी प्लाझ्माची (रक्तातल्या पातळ द्रवाची) होती आणि ती कित्येक आठवड्यांपूर्वीच दुसरीकडे दिली गेली होती.

म्हणजे ज्याने कोणी ती पिशवी पुन्हा डब्यात भरली, त्याला ती कोणाच्या तरी शिरेत जाणार हे ठाऊक होते. पैसे गेल्याचे दुःख मी गिळले आहे, ही गोष्ट मला गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डॉक्टर माझ्या खाटेशी आल्या. या वेळी त्या टेकल्या आणि दहा मिनिटे भावाशी बोलल्या. त्यांनी सांगितले ते असे. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे, केवळ प्लेटलेटचा आकडा खाली गेला म्हणून नव्हे. हे झिरपणे साधारण २४ ते ४८ तास चालते आणि तेवढ्या वेळात सलाईन मोजून देणे हाच खरा उपचार असतो. कमी पडले तरी धोका, जास्त झाले तरी फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका. मला कुठूनही रक्तस्राव नव्हता, त्यामुळे २२ हजारांवर प्लेटलेट देण्याची गरजच नव्हती. त्यांनी एका अभ्यासाचाही उल्लेख केला, तो मी नंतर शोधून वाचला. सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णालयांत झालेला हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, पण सतत रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळण्यात फायदा दिसला नाही, उलट पित्त उठण्यासारखे त्रास अधिक झाले. साध्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेटच्या एका पिशवीने प्रौढ माणसाचा आकडा पाच ते दहा हजारांनी वाढतो. 'एका पिशवीत लाखावर' हे वाक्यच खोटे होते, पण ते खोटे आहे हे त्या रात्री भावाला सांगणारे कोणी नव्हते.

माझा आकडा आणखी घसरून १८ हजारांवर आला, तिथे एक दिवस थांबला, मग २९ हजार झाला आणि त्याच्या पुढच्या दिवशी ६४ हजार. एकही पिशवी चढवावी लागली नाही. पायांवर लाल पुरळ उठले आणि त्यात मधेमधे पांढरे ठिपके राहिले, तळहातांना असह्य खाज सुटली. ही बरे होण्याची खूण आहे असे सिस्टर म्हणाल्या तेव्हा मला रडू आले. थकवा पुढे पाच आठवडे राहिला.

आपल्या माणसाला डेंग्यू झाला असेल तर पेशींच्या आकड्याबरोबर हिमॅटोक्रिट किती आहे, लघवी होते आहे का, पोटात दुखते का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते का, रुग्ण गुंगीत किंवा बेचैन आहे का, हे पाहा आणि यातले काही दिसले तर कितीही गर्दी असली तरी सिस्टरना किंवा डॉक्टरांना हाक मारून आणा. प्लेटलेट हव्यात असे कोणी म्हटले, तर 'डॉक्टरांनी लेखी मागितल्या आहेत का?' हे केसपेपर हातात घेऊन विचारा. खरी मागणी डॉक्टरांच्या सहीच्या कागदावर असते, त्याबरोबर रुग्णाच्या रक्ताचा नमुना जातो, आणि पिशवी रक्तपेढीच्या खिडकीतून नोंद होऊन, पावतीसह मिळते. आमच्याकडे आलेल्या माणसाने नमुना मागितलाच नव्हता. 'सिस्टरना सांगू नका' हे शब्द ऐकताच उठून सिस्टरकडेच जायला हवे होते, असे भाऊ आता सारखे म्हणतो, आणि मी त्याला दर वेळी सांगते की तू त्या रात्री माझा जीव वाचवायला धडपडत होतास.

रुग्णालयाकडे आणि पोलिसांकडे आम्ही लेखी तक्रार दिली आहे. ज्या मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवले तो, व्यवहाराची नोंद आणि पिशवीच्या लेबलचे छायाचित्र तिला जोडले आहे. पैसे परत मिळालेले नाहीत. तक्रारीनंतर रुग्णालयाने अहवालांचा गठ्ठा दारातल्या टेबलावरून उचलून सिस्टरांच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली, आणि घरी सोडण्याच्या दिवशी भावाने माझा शेवटचा अहवाल सही करून तिथूनच घेतला.