‘राखीव’ कुठलं आणि भांडवल कुठलं: सोलापुरातल्या सीआरएआर वर्गाविषयी

नागरी सहकारी बँकांचे संचालक आणि शाखाधिकारी यांच्यासाठी सोलापुरात झालेला सीआरएआरवरचा, म्हणजे जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या तुलनेत बँकेचं भांडवल किती यावरचा, हा एकदिवसीय वर्ग करण्यासारखा आहे, मात्र दुपारचं सत्र चुकवू नका. खरा ऐवज तिथेच आहे.

सकाळी पतधोरणाची उजळणी झाली. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला; सीआरआर, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो तो, 4 वरून 4.5 टक्के झाला. इथपर्यंत ठीक. पण पुढे वर्गात वाटलेल्या टिपणात छापलंय, ‘सीआरआर वाढला की भांडवल अडकतं.’ हे साफ चूक आहे. घोळ ‘राखीव’ या शब्दाचा आहे. नफ्याचा किमान चौथा हिस्सा ज्यात जातो तो राखीव निधी ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, स्वनिधीत, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या भांडवलात, येतो. सीआरआर म्हणजे रोख राखीव, ती रिझर्व्ह बँकेकडे ठेवलेली आपलीच रक्कम. ती उजव्या बाजूला, मालमत्तेत, आणि तिच्यावर जोखीमभार (मालमत्ता ज्या टक्क्याने गुणून तिची जोखीम मोजतात तो) शून्य.

दुपारी हेच फळ्यावर आकडे मांडून सुटलं. ठेवी 150 कोटी, स्वनिधी 12 कोटी, जोखीमभारित मालमत्ता 100 कोटी, म्हणजे सीआरएआर 12 टक्के. सीआरआर अर्धा टक्का वाढला तर 75 लाख जादा ठेवावे लागतात. ते दुसऱ्या बँकेतल्या ठेवीतून, म्हणजे 20 टक्के भाराच्या मालमत्तेतून काढले, तर जोखीमभारित मालमत्ता 15 लाखांनी घटते आणि प्रमाण 12.02 होतं. घटत नाही, किंचित वाढतंच! सीआरआरचा चिमटा बसतो तो तरलतेला आणि नफ्याला, कारण त्या रकमेवर व्याज मिळत नाही.

भांडवलाला धक्का बसतो तो दुसऱ्या वाटांनी. विक्रीसाठी उपलब्ध गटातले, म्हणजे बाजारभावाने मोजावे लागणारे, 20 कोटींचे रोखे, मॉडिफाइड ड्युरेशन (परतावा 1 टक्का चढला की किंमत साधारण किती टक्के घटते ते) 5, परतावा 1 टक्का चढला, की साधारण 1 कोटीचा घसारा. त्याची तरतूद केली की 12 चे सरळ 11 होतात. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या रोख्यांच्या गटात हा तोटा पुस्तकात दिसत नाही, विकायची वेळ आली की दिसतो. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेला मार्च 2023 मध्ये रोखे तोट्यात विकावे लागले, ते मात्र विक्रीसाठी उपलब्ध गटातले होते. मात्र रेपो अडीच टक्के वाढला म्हणून हिशोबातही अडीच धरू नका. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा तेवढा चढलाच नव्हता.

दुसरी वाट थकबाकीची, आणि सोलापुरात ती जास्त जवळची. टॉवेल-चादरीच्या कारखानदाराचं कॅश क्रेडिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं, व्याज वाढतं, माल उठत नाही, थकबाकीला 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. 1 कोटीच्या खात्यावर सुरुवातीलाच 10 लाखांची तरतूद. या भागाला जेमतेम वीस मिनिटं दिली, ती फार कमी पडली.

जोखीमभाराच्या उदाहरणातही एक उणीव राहिली. नोव्हेंबर 2023 मध्ये घर, वाहन, शिक्षण आणि सोनेतारण सोडून इतर ग्राहक कर्जांचा भार 100 वरून 125 टक्के झाला, तो व्यापारी बँका आणि एनबीएफसी (बिगरबँक वित्त कंपन्या) यांच्यासाठी. नागरी बँकांना तो लागू नव्हता हे सांगायलाच हवं होतं. असा निर्णय लागू असेल तिथे मात्र तो थेट सीआरएआरवर येतो. 20 कोटींच्या अशा कर्जांमागे भाजक, म्हणजे जोखीमभारित मालमत्ता, 5 कोटींनी वाढतो, आणि 12 टक्क्यांचे 11.43 होतात.

वर्गाला जाताना आपल्या बँकेचा मार्चअखेरचा ताळेबंद आणि रोख्यांची गटवार यादी सोबत न्या. टिपणातल्या नमुना तक्त्यात रोख्यांच्या ड्युरेशनचा रकाना नाही, तो हातानेच आखून घ्यावा लागेल.