रास्पबेरी पाय कनेक्ट: पुण्यातल्या लॅपटॉपवरून तासगावच्या बेदाणा शेडमधला बोर्ड

गेला अख्खा बेदाणा सीझन मी रास्पबेरी पाय कनेक्ट, म्हणजे रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डात लांबून ब्राउझरमधून शिरायची सेवा, वापरलं, रोज, कधीकधी रात्री तीन-तीनदा, म्हणून म्हटलं आता यावर नीट लिहावं. आधीच सांगतो, मला हे आवडलंय. पण एक गोष्ट अशी आहे जी आधी कळली असती तर आप्पांचा एक दिवस आणि माझी एक रात्र वाचली असती, ती खाली सविस्तर लिहिलीय, तेवढी तरी वाचाच.

आमचं शेड तासगाव तालुक्यात. द्राक्षं डिपिंग करून, म्हणजे लवकर वाळावीत म्हणून द्रावणात बुडवून, रॅकवर टाकली की पुढचे पंधरा-वीस दिवस सगळा जीव हवेवर असतो. ऊन हवं, वारा हवा, आणि रात्री दमटपणा वाढला किंवा अवकाळी आला तर कडेचे पडदे लगेच खाली सोडायला लागतात, नाहीतर माल काळा पडतो आणि भाव गेलाच म्हणून समजा. मी नोकरीला पुण्यात, आप्पा गावी. त्यांना रात्री चारदा उठून शेडात जायला लागू नये म्हणून मी तिथं एक रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू बसवला. इवलासा बोर्ड आहे, साडेसहा सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद, ५१२ एमबी रॅम. त्याला डीएचटी २२ सेन्सर जोडलाय, दर पाच मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता फाईलीत लिहितो आणि आर्द्रता ७० च्या वर गेली की आमच्या दोघांच्या मोबाईलवर मेसेज. बोर्डाला ना स्क्रीन ना कीबोर्ड, त्यामुळं जे काय करायचं ते लांबूनच.

आता घरात, म्हणजे लॅपटॉप आणि बोर्ड एकाच वायफायवर असताना, लांबून जोडायला कनेक्टची काही गरज नाही, एसएसएच, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर कमांड द्यायची नेहमीची सोय, पुरेसं आहे. मेमरी कार्ड तयार करतानाच इमेजरच्या, म्हणजे कार्डावर ओएस टाकायच्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये होस्टनेम (बोर्डाचं नाव), युजर, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच चालू हे सगळं भरून टाकायचं. हे भरायला विसरलात तर बोर्ड चालू होईल पण आत जाता येणार नाही, कारण २०१६ च्या शेवटापासून एसएसएच मुळात बंदच येतं आणि २०२२ पासून तो जुना पाय नावाचा तयार युजरही काढून टाकलाय. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून युजर पाय आणि पासवर्ड रास्पबेरी ही जुनी जोडी टाकत बसलेले लोक मला अजून भेटतात. आणि झिरो टू डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफाय पकडतो, मोबाईलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर त्याला तो दिसणारच नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये एसएसएच आधीच असतं, पुटीसारखा वेगळा प्रोग्रॅम टाकायची गरज नाही, कमांडची खिडकी उघडा, युजर ॲट होस्टनेम डॉट लोकल टाका, झालं. पासवर्ड टाइप करताना काही उमटत नाही, कीबोर्ड बिघडलेला नसतो, ते तसंच असतं.

खरी अडचण गाव लांब असलं की सुरू होते. शेडात सिमवर चालणारा राउटर आहे आणि असल्या कनेक्शनवर कंपनी ढीगभर गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देते, त्याला सीजीनॅट म्हणतात. मग तुम्ही राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून आलेली हाक बोर्डाकडं वळवायची सेटिंग) नाहीतर डोकं आपटा, बाहेरून येणारी हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मी तीन रविवार यात घालवले. कस्टमर केअरला फोन केला तर त्या पोराला स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा न बदलणारा पत्ता, म्हणजे काय हेच मी समजावून सांगत होतो.

कनेक्ट इथं कामाला येतं. रास्पबेरी पायवाल्यांनीच हे मे २०२४ मध्ये बीटा म्हणून आणलं, आपल्यासारख्यांना फुकट आहे. यात बोर्ड स्वतःच आतून बाहेर त्यांच्या सर्व्हरशी बोलतो, तुम्ही ब्राउझरमधून तिथं लॉगिन करता, आणि मग सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर पुढचं बोलणं थेट लॅपटॉप ते बोर्ड होतं, नाही जमलं तर मधल्या एका रिले सर्व्हरमार्फत जातं. सुरुवातीला हा रिले फक्त ब्रिटनमध्ये एकच होता. माझं कनेक्शन थेट की रिलेवरून हे खिडकीतल्या कुलपाच्या चिन्हावर माउस नेला की कळतं. माझं बऱ्याचदा रिलेवरूनच असतं, अक्षर उमटायला किंचित उशीर लागतो पण शेलसाठी, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करायला, चालून जातं.

बसवणं सोपं आहे. माझ्या बोर्डावर डेस्कटॉप नसलेली लाइट ओएस, म्हणून आरपीआय-कनेक्ट-लाइट हे पॅकेज टाकलं, मग चालू करायची कमांड, मग साइनइनची. साइनइन केल्यावर तो एक लिंक देतो, ती मी लॅपटॉपवर उघडली, बोर्डाला नाव दिलं 'शेड', आणि डॅशबोर्डवर शेड दिसायला लागलं. रिमोट शेलवर क्लिक केलं की ब्राउझरच्या टॅबमध्ये सरळ काळी खिडकी उघडते. पहिल्यांदा कोथरूडात बसून शेडातलं तापमान वाचलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं, आई म्हणाली, 'आम्हाला इथं घाम फुटलाय ते बी दिसतंय का रं त्यात?'

आता ती गोष्ट. फेब्रुवारीत एका दुपारी गावी लाईट गेली, तासाभरानं आली. डॅशबोर्डवर शेड ऑफलाइन. मी थांबलो, अर्धा तास, एक तास, काही नाही. आप्पांना फोन लावला.

'आप्पा, शेडातल्या डब्यात हिरवा दिवा लागलाय का बघा की.'

'लागलाय की. लुकलुकतोय बी.'

'राउटरवरचे दिवे?'

'ते बी हायत. मेसेज पण आला की आत्ता मला, आर्द्रतेचा.'

म्हणजे बोर्ड चालू, इंटरनेट चालू, माझी स्क्रिप्ट चालू, फक्त कनेक्ट बंद. आप्पांनी दोनदा प्लग काढून घातला तरी तेच. शेवटी शनिवारी गाडी काढून गेलो, लॅपटॉप राउटरला जोडून एसएसएचनं आत शिरलो, आणि आत शिरल्या-शिरल्या मोबाईलवर डॅशबोर्ड बघतो तर शेड ऑनलाइन! मी बाहेर पडलो की थोड्या वेळानं परत ऑफलाइन. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कनेक्ट हे अख्ख्या मशीनचं नाही तर त्या युजरच्या नावानं चालतं, आणि लाइट ओएसवर कुणी लॉगिन केलेलं नसेल तर युजरची कामं सुरूच होत नाहीत. बसवताना मी एसएसएचनं आत होतो म्हणून सगळं चालत होतं. उपाय एका ओळीचा, लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर, एकदाच द्यायची, मग लॉगिन नसलं तरी कनेक्ट चालू राहतं. हे त्यांच्या कागदपत्रात लिहिलेलं आहे, पण माझं म्हणणं असंय की लाइटचं पॅकेज टाकताना हे आपणहून विचारलं पाहिजे, कारण लाइट वापरणारा माणूस बोर्ड लांबच ठेवणार असतो. त्या दिवशी ओळ दिली, मग मुद्दाम तीनदा मेन स्विच पाडला, तिन्ही वेळा शेड आपोआप परत वर आलं, तेव्हाच घरी जेवायला गेलो.

त्याच फेरीत अजून दोन कामं केली, तुम्हीही करा. बोर्डावरचं एनएमटीयूआय, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगचा प्रोग्रॅम, उघडून आप्पांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट दुसरं वायफाय म्हणून भरून ठेवला, म्हणजे राउटर मेला तरी आप्पा शेडात जाऊन हॉटस्पॉट चालू करतील आणि मी आत येईन. आणि बोर्ड शेडाच्या आतून काढून बाहेरच्या खोलीत घेतला, सेन्सरची वायर तेवढी आत. पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात, त्या वासात तांबं टिकत नाही, बोर्ड कशाला टिकेल. लाईटीचं अजून एक, या बोर्डात घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळं लाईट आली पण नेट यायला उशीर झाला तर नोंदींच्या वेळा चुकीच्या पडतात.

काय आवडलं नाही तेही सांगतो. फाईल हलवायची सोय मला यात मिळाली नाही, महिन्याच्या नोंदी लॅपटॉपवर आणायला मी वेगळं टेलस्केल, म्हणजे लांबची मशीन एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारा प्रोग्रॅम, टाकलंय आणि त्यावरून एससीपी करतो, म्हणजे एसएसएचच्या वाटेनं फाईली ओढतो. मग सगळंच टेलस्केलवर का नाही, तर त्यासाठी प्रत्येक लॅपटॉपवर ते टाकायला लागतं, ऑफिसच्या लॅपटॉपवर मला परवानगी नाही, ब्राउझर मात्र सगळीकडं असतो. दुसरं, टॅब बंद झाला किंवा नेट तुटलं की चालू काम अर्धवट राहायची भीती, म्हणून मी आत गेल्यावर पहिल्यांदा टीमक्सच उघडतो, त्यात कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. तिसरं आणि महत्त्वाचं, रिमोट शेल बोर्डाचा पासवर्ड विचारत नाही, तुमच्या रास्पबेरी पाय आयडीनं लॉगिन झालं की थेट आत. म्हणजे तो आयडी कुणाच्या हाती लागला तर बोर्ड त्याचाच. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय मोबाईलवरचा दुसरा कोडही मागणारं लॉगिन, चालू केल्याशिवाय हे वापरू नका, कळकळीनं सांगतोय.

स्क्रीन शेअरिंगचं मी फारसं बोलणार नाही. घरी पाय ४ आहे त्यावर करून बघितलं, डेस्कटॉप ब्राउझरात दिसतो, बहिणीचा मुलगा त्यावर पायथन शिकतोय त्याला अडलं की मी पुण्यातून बघतो, छान चालतं. त्यासाठी डेस्कटॉपवाली ओएस आणि त्यात वेलँड, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, लागतं. झिरो टू डब्ल्यूवर एवढ्या रॅममध्ये मी त्या भानगडीत पडलोच नाही.

पाचपैकी साडेचार देतो, तो अर्धा त्या लिंगरसाठी कापला.

मार्चमध्ये एका रात्री अडीचला मेसेज आला, आर्द्रता ७४. मोबाईलच्याच ब्राउझरमधून कनेक्ट उघडलं, मागच्या तासाच्या नोंदी बघितल्या तर ५८, ६१, ६६ असं चढत चाललेलं, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. आप्पांना फोन केला, ते आधीच उठले होते, मागं पडदे सोडायच्या दोऱ्यांचा आवाज येत होता. पंधरा मिनिटांनी पाऊस आला. मी खिडकी उघडीच ठेवली होती, पाच-पाच मिनिटांनी आकडा बघत, पावणेचारला तो पहिल्यांदा खाली आला तेव्हा झोपलो.