कॉल ऑफ क्थुलू, सातवी आवृत्ती: अनेक महिने खेळल्यानंतरचा अनुभव

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि बोलत बोलत गोष्ट घडवण्याच्या खेळांची ओळख बहुतेकांप्रमाणे आमच्या गटालाही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मुळे (डी अँड डी) झाली. गेल्या पावसाळ्यात आम्ही ‘कॉल ऑफ क्थुलू’ची सातवी आवृत्ती हाती घेतली आणि तेव्हापासून शनिवारच्या संध्याकाळी दुसरा कोणताही खेळ टेबलावर आलेला नाही. या काळात मी बहुतेक वेळा कीपरच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या, जागी बसले आणि अधूनमधून खेळाडू म्हणूनही खेळले. भयकथा म्हणून या खेळाची ख्याती मोठी आहे. माझ्या लेखी त्याचे खरे मोल मात्र एका वेगळ्या गोष्टीत आहे: फासा मनासारखा पडला नाही की पुढे काय करायचे, हा निर्णय तो खेळाडूच्या हाती देतो, आणि हा लेख मुख्यतः त्याविषयीच आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथांवर आधारलेला हा खेळ (क्थुलू हा त्या कथांतलाच एक महाभयंकर जीव) सँडी पीटरसन यांनी रचला आणि केऑसियम या अमेरिकन कंपनीने तो १९८१ साली प्रसिद्ध केला. त्याच्या नियमांचा पाया याच कंपनीच्या १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’मधून आला. सातव्या आवृत्तीत पॉल फ्रिकर आणि माइक मेसन यांनी नियमांची मोठी फेररचना केली. खेळाचा नेहमीचा काळ १९२० च्या दशकाचा आणि प्रदेश अमेरिकेतील न्यू इंग्लंडचा. खेळाडूंची पात्रे म्हणजे प्राध्यापक, वार्ताहर, डॉक्टर, जुन्या वस्तूंचे जाणकार, खासगी गुप्तहेर अशी साधी माणसे. जादूगार किंवा योद्धा यांत कोणी नाही.

प्रत्येक कौशल्यापुढे टक्क्यांत एक आकडा लिहिलेला असतो. दोन दहा बाजूंचे फासे टाकून १ ते १०० मधली संख्या काढायची आणि ती कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम झाले. काम अवघड असेल तर त्या आकड्याच्या निम्म्यात आणि फारच अवघड असेल तर एक पंचमांशात संख्या यावी लागते. नव्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण ‘तुला ग्रंथालयातले शोधकाम ६० टक्के येते’ या वाक्याला स्पष्टीकरण लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फासा चुकला तर खेळाडूला तो ‘पुश’ करता येतो, म्हणजे तेच काम पुन्हा करून पाहता येते. मात्र या वेळी आपण वेगळे काय करणार आहोत, हे त्याने सांगितले पाहिजे, आणि दुसऱ्यांदाही अपयश आले तर परिणाम गंभीर होणार, हे त्याने मान्य केले पाहिजे. आमच्या एका डावात वार्ताहराचे पात्र घेतलेला मित्र जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांत एका घराचा इतिहास शोधत होता. कौशल्य ६० चे होते आणि फाशावर ७१ आले. तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, “मी बंद व्हायच्या वेळी कपाटांमागे लपून राहतो आणि रात्रभर शोधतो.” मी विचारले, “सापडला नाहीस तर ठीक, पण पुन्हा फासा चुकला तर तू एकटा आहेस आणि त्या इमारतीत तुझ्याशिवाय आणखी कोणीतरी आहे. चालेल?” बाकीचे तिघे त्याला ‘नको, नको’ म्हणत होते आणि त्याने फासे उचलले. ते पडेपर्यंत खोलीत कोणी बोलले नाही. त्या क्षणी जी भीती होती ती एखाद्या राक्षसाच्या वर्णनाने आली नव्हती. धोका काय आहे हे सर्वांना आधीच ठाऊक होते आणि तो खेळाडूने आपणहून पत्करला होता, म्हणून ती आली होती. इतर अनेक खेळांत चुकलेला फासा म्हणजे ‘काही घडले नाही’ एवढाच अर्थ उरतो आणि गोष्ट तिथेच रेंगाळते. इथे त्याच ठिकाणी गोष्टीला वेग येतो.

याला जोडून ‘लक’चा एक ऐच्छिक नियम आहे आणि तो वापरावाच, अशी माझी शिफारस आहे. प्रत्येक पात्राकडे नशिबाचे गुण असतात. फाशावरची संख्या थोडक्यात हुकली तर एका गुणामागे एक याप्रमाणे ती खाली आणता येते. पण खर्च झालेले नशीब सावकाश भरून निघते, पुश केलेल्या फाशावर ते वापरता येत नाही, आणि ज्या कौशल्यावर ते खर्च केले त्याला त्या वेळी सुधारणेची खूण (तिच्याविषयी पुढे येईलच) मिळत नाही. त्यामुळे चार गुणांनी हुकलेला फासा समोर असताना खेळाडू जो हिशेब मनात करतो, तो पाहत राहणे हा कीपरला मिळणारा मोठा आनंद आहे.

पात्रांचे शरीर नाजूक असते आणि शेवटपर्यंत तसेच राहते. शरीराची काटकता आणि आकारमान यांच्या बेरजेला दहाने भागले की जीवनगुण मिळतात. ते साधारणपणे दहा-बाराच्या आसपास असतात आणि अनुभवाने वाढत नाहीत. .३८ रिव्हॉल्व्हरची एक गोळी दहापर्यंत इजा करू शकते, हे एकदा उमगले की खेळाडू आपोआप लढाई टाळून विचार करू लागतात, दार उघडण्याआधी ऐकतात, शेजाऱ्यांशी बोलतात. डी अँड डीची सवय असलेल्या आमच्या गटात हा बदल कोणी उपदेश न करता घडला.

मनःस्वास्थ्याची, म्हणजे सॅनिटीची, व्यवस्था हा या खेळाचा सर्वांत प्रसिद्ध भाग. भयानक काही दिसले की फासा टाकायचा आणि गुण गमवायचे. एका वेळी पाच किंवा अधिक गुण गेले तर बुद्धीचा फासा टाकावा लागतो, आणि तो यशस्वी झाला तर पात्राला जे पाहिले त्याचा अर्थ कळतो व त्याचे भान सुटते. अयशस्वी झाला तर मन ती आठवण दडपून टाकते आणि माणूस वाचतो. समजणे हेच संकट, ही लव्हक्राफ्ट यांच्या कथांमधली कल्पना एका फाशात आणणारा हा नियम मला फार सुंदर वाटतो. यशस्वी फासा पाहून निराश झालेला खेळाडू मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिलेला नाही.

सुधारणेचा नियमही असाच नेमका आहे. डावात यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यापुढे खूण करायची, गोष्ट संपल्यावर त्यासाठी पुन्हा फासा टाकायचा आणि या वेळी संख्या कौशल्याहून जास्त आली तरच ते वाढते. नवशिका लवकर शिकतो आणि निष्णात माणूस हळूहळू; त्यासाठी पातळ्यांचे कोष्टक लागत नाही.

सुरुवात आम्ही स्टार्टर सेटने, म्हणजे नवख्यांसाठीच्या संचाने, केली. त्यात एकट्याने वाचत खेळायचे एक साहस, नियमांचा संक्षेप, तयार पात्रे, फासे आणि तीन छोट्या गोष्टी आहेत. ‘पेपर चेस’ एक कीपर आणि एक खेळाडू एवढ्यांतही खेळता येते. एका बेपत्ता गृहस्थाच्या घरातून फक्त पुस्तके चोरीला जातात, एवढ्याशा तक्रारीवर ती उभी आहे, आणि पिस्तूल बाहेर न काढताही ती पूर्ण होऊ शकते. ‘एज ऑफ डार्कनेस’ मला या तिन्हींत सर्वांत आवडली. मरणासन्न वृद्ध मित्र तारुण्यात केलेल्या एका कृत्याचा निस्तार पात्रांवर सोपवतो, आणि शेवटी एका रात्री काही जणांना जागा न सोडता मंत्रपाठ चालू ठेवावा लागतो, बाहेर काहीही घडत असले तरी. पाठ कोणी करायचा आणि दाराशी कोणी उभे राहायचे, यावर आमच्याकडे बराच वेळ मनापासून चर्चा झाली. ‘डेड मॅन स्टॉम्प’ जाझच्या जगात घडते आणि त्या काळच्या वर्णभेदाला भिडते. ती खेळवण्याआधी गटाशी बोलून घ्यावे.

हा मुद्दा थोडा पुढे न्यायला हवा. लव्हक्राफ्ट यांचे वंशद्वेषी विचार त्यांच्या लेखनात उघड दिसतात. या खेळाचा आनंद घेताना ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. तसेच फोबिया (अनाठायी भीती) आणि मेनिया (अनावर वेड) यांच्या याद्या पुस्तकात आहेत म्हणून मानसिक आजाराची थट्टा टेबलावर होऊ देऊ नये. भान सुटलेले पात्र काय करते हे आम्ही त्या खेळाडूशी बोलून ठरवतो, आणि त्यामुळे प्रसंग अधिक खरे होतात.

उणिवाही सांगते. कीपरचे मुख्य पुस्तक चारशेहून अधिक पानांचे आहे आणि त्यातले पाठलागाचे नियम इतके गुंतागुंतीचे आहेत की धावपळीचा प्रसंग प्रत्यक्षात संथ होतो; आम्ही ते सोडून दिले आहेत. प्रत्येक कौशल्याचे निम्मे आणि पंचमांश आकडे लिहिण्यात पहिली संध्याकाळ जाते, म्हणून तयार पात्रे घेतलेली बरी. शोधकथेत एकच दुवा हरवला तर सारे अडते, ही जुनी अडचण इथेही आहे. त्यावर पुस्तकाने ‘आयडिया रोल’ दिला आहे: गट अडकला की बुद्धीचा फासा टाकायचा, आणि तो चुकला तरी दुवा मिळतोच, फक्त तो मिळेपर्यंत पात्रे संकटाच्या मध्यभागी पोहोचलेली असतात. गोष्टींत खेळाडूंच्या हाती द्यायची पत्रे आणि कात्रणे इंग्रजीत असल्याने ज्यांना मराठीत खेळायचे आहे त्यांच्या कीपरला आधी तयारी करावी लागते. मी ती मराठीत हाताने लिहून काढते. त्यात वेळ जातो, पण खेळाडू असा कागद हातोहात फिरवत पुन्हा पुन्हा वाचतात, हे पाहिल्यावर तो वेळ वाया गेला असे वाटत नाही.

आठवड्याला राक्षस मारून मोकळे होऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा खेळ नाही. तीन-चार जण, एकमेकांचे नीट ऐकून घेणारे, आणि तीन तासांची सलग संध्याकाळ असेल तर जरूर खेळावा. पैसे खर्च करण्याआधी केऑसियमने मोफत दिलेले क्विक-स्टार्ट नियम डाउनलोड करून घ्यावेत. त्यांच्यासोबत ‘द हॉन्टिंग’ ही बॉस्टनमधल्या एका घराची गोष्ट येते आणि एका बैठकीत ती संपू शकते. ती खेळताना पहिला फासा चुकला की खेळाडूला लगेच विचारा: आता वेगळे काय करणार?