लातूरच्या गच्चीवरचे हिरवे छत : काम चोख, सल्ला अपुरा

लातूरमधील एका व्यावसायिकाकडून आम्ही घराच्या गच्चीवर हिरवे छत करून घेतले. काम चोख झाले आहे. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, मुळे खाली उतरू नयेत म्हणून जाड प्लास्टिक, त्यावर पाणी धरणारे खळगे असलेले निचऱ्याचे पत्रे, गाळणीचे कापड आणि सर्वांत वर विटांचा चुरा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळ खत यांच्या मिश्रणाचा १० सेंटिमीटरचा थर, अशी रचना आहे. शेतातली काळी माती त्यांनी ठामपणे नाकारली, ते योग्यच झाले. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि निचराही अडवते.

पाण्याचा हिशेब मात्र आधीच मांडायला हवा होता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. मिश्रणाने आपल्या आकारमानाच्या ३० टक्के पाणी धरले, तर या थरात चौरस मीटरला ३० लिटर मावते. पण आधीच्या पावसाचे पाणी तोवर उपसले गेले असेल तरच, आणि ते उपसतात झाडे. लॉन हे काम झपाट्याने करते, त्यामुळे पुढच्या सरीला जागा होते आणि खोल्याही गार राहतात, कारण एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. कोरफड, पानफुटी यांची पर्णरंध्रे, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मुख्यतः रात्री उघडतात. त्या पाणी जपतात, पण गारवा कमी देतात आणि श्रावणझडीत थर तुडुंब राहतो.

लॉनचे हे फायदे खरे असले, तरी व्यावसायिकाने ती सरसकट सुचवली, ही माझी मुख्य तक्रार आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हा साठा आठवडाभरही पुरत नाही, आणि थर वाळला की गारवाही संपतो. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे टँकरच्या पाण्यावर लॉन पोसणे मला पटत नाही. म्हणून आम्ही बहुतेक भागात कोरफड व पानफुटीच लावून घेतली. गच्चीचे पाणी बोअरच्या पुनर्भरणाला जोडलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की लहान सरींचे पाणी यापुढे खाली फारसे येणार नाही.

भिजलेल्या थराचे वजन चौरस मीटरला शंभर किलोंच्या वर जाऊ शकते, तरी स्लॅब अभियंत्याकडून तपासून घ्या, असे व्यावसायिकाने आपणहून सांगितले नाही. ती तपासणी आम्ही वेगळे पैसे मोजून करून घेतली.