तेलाची पोळी, पाव किलो उसळ: पुण्यात दुधाशिवायचं तयार जेवण

माझी दुपारची पाळी रात्री नऊला संपते. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. शेवटचे रिपोर्ट टाकून, स्कूटर काढून कोथरूडला पोचेपर्यंत पावणेदहा होतात. त्या वेळी कणीक मळायची ताकद अंगात नसते. आई घरी असते, पण तिचे गुडघे दुखतात आणि तिचं जेवण आठलाच उरकलेलं असतं. चार वर्षांपूर्वी मी दूध, दही, तूप सगळं सोडलं. तेव्हापासून तयार जेवण आणि किराणा कुठे मिळतो, त्यातलं काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याचा मी बराच शोध घेतला आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहिते.

सोडलं का, ते एकदाच सांगते. फलटणजवळ मामाचा गोठा आहे. मी तिथे असताना एक संकरित गाय व्यायली, गोऱ्हा झाला. तिसऱ्या दिवशी तो गोठ्यात नव्हता. गाय दोन दिवस हंबरत होती. मामा वाईट माणूस नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम उरलं नाही आणि दूध न देणारं जनावर पोसणं त्याला परवडत नाही. पण पुण्याला परत आल्यावर चहाचा कप माझ्या हातातून तोंडापर्यंत गेला नाही.

आता जेवणाकडे येते. पुण्यातलं सगळ्यात चांगलं व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेलं, तयार जेवण मॉलच्या फ्रीजरमध्ये नाही. ते गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रात आहे. आमच्या घरापासून चालत तीन मिनिटांवर असं एक केंद्र आहे. पुढे एक टेबल, मागे दोन शेगड्या, पोळ्या लाटणाऱ्या दोघी आणि हिशेब सांभाळणाऱ्या काकू. पोळी बारा रुपयांना, सुकी भाजी किंवा उसळ पाव किलो साठ-सत्तर रुपयांना. संध्याकाळी सातला उघडतं, रात्री दहाला बंद होतं. शंभर-सव्वाशे रुपयांत माझं पोट भरतं आणि सकाळच्या डब्यापुरती भाजीही उरते.

चव घरच्यासारखी, म्हणजे खरोखरच कुणाच्या तरी घरच्यासारखी. मटकीच्या उसळीत गोडा मसाला आणि चिंच-गूळ बेतानं. भरल्या वांग्यांत दाण्याचं कूट आणि तीळ सढळ हातानं, तेल मात्र वर तरंगत नाही. गुरुवारी अळूची पातळ भाजी असते, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातलेली, आणि ती साडेआठच्या आत संपते. मी फोन करून ठेवायला सांगते. पिठलं मात्र तिथून घेऊ नका. अर्ध्या तासात त्याचा गोळा होतो आणि गरम करताना गुठळ्या फुटत नाहीत. बेसन, कांदा, फोडणी एवढंच तर लागतं, ते घरी दहा मिनिटांत होतं.

पण इथे विचारावं लागतं, आणि नीट विचारावं लागतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "काकू, दूध-तूप नसलेलं काय आहे?" काकू म्हणाल्या, "अगं, सगळं शुद्ध शाकाहारी आहे." त्यांच्या दृष्टीनं प्रश्न तिथे संपला होता. मग मी एकेक पदार्थ घेऊन विचारायला लागले. घडीच्या पोळीत आत तेल लावतात, पण तव्यावरून उतरली की वरून तूप. मसालेभातावर तूप. वांग्याच्या भरतात दही. चाकवत ताकातला. कोशिंबिरीत दही, हे तर दिसतंच. मला अजिबात माहीत नव्हतं ते दुधीचं: मऊ शिजावी म्हणून त्या भाजीत अर्धी वाटी दूध जायचं. माझी आईसुद्धा दुधीत दूध घालायची आणि इतकी वर्षं जेवूनही ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्यामुळे "व्हीगन आहे का?" असं विचारू नका. "पोळीला वरून काय लावता? भाजीत दही, ताक, दूध, साय आहे का? फोडणी कशाची?" असं विचारा. उत्तर लगेच आणि खरं मिळतं, कारण स्वयंपाक करणारी बाई समोरच उभी असते. पाकिटाला असं विचारता येत नाही.

तरीही पाकिटं लागतात. पावसाळ्यात केंद्र बंद असतं तेव्हा, गावाला जाताना, किंवा कामाची पाळी लांबून रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा. माझ्या कपाटात कायम चार-पाच असतात. ज्याला आपण रेडी टू ईट म्हणतो ते पाकीट रिटॉर्ट पद्धतीचं असतं: शिजवलेला पदार्थ अनेक थरांच्या पिशवीत हवाबंद करून साधारण १२१ अंशांवर दाबाखाली निर्जंतुक करतात. म्हणून तो परिरक्षक न घालताही बाहेर महिनोन्महिने टिकतो. आमच्या प्रयोगशाळेतलं ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारं यंत्र, याच तत्त्वावर चालतं, त्यामुळे माझा या तंत्रावर पूर्ण विश्वास आहे. आपल्याकडे ते रुजवण्यात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचा मोठा हात आहे; सैनिकांच्या शिध्यासाठी तिथे यावर काम झालं. पिशवीत ॲल्युमिनियमचा थर असेल तर ती तशीच मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं सोडा, किंवा कढईत ओतून गरम करा. कढईत ओतल्यावर मूठभर कोथिंबीर आणि अर्धं लिंबू घातलं की पाकिटाचा तो एकसुरी वास जातो.

या पाकिटांत राजमा, छोले, साधी डाळ यांत बहुधा तेल असतं. दाल मखनी आणि पनीरचे प्रकार सोडूनच द्या. पावभाजी उलटून वाचा, लोणी असण्याची शक्यता फार. मिक्सचं म्हणाल तर पुण्याला परंपराच आहे. गिट्स ही कंपनी १९६३पासून इथलीच. ढोकळा, इडली, डोसा यांची मिक्स मी नेहमी आणते. घटकांची यादी मात्र दर वेळी वाचते, कारण त्याच नावाच्या पाकिटात कृती बदललेली मी पाहिली आहे.

हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, ही या सगळ्यातली सगळ्यात कळीची गोष्ट आहे. तो ठिपका शाकाहार सांगतो. त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२२ साली वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्ह दिलं, हिरव्या चौकोनात इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर छोटं पान. पण ज्या पदार्थांत मुळातच दूध नाही अशा कितीतरी पाकिटांवर ते नसतं, कारण उत्पादकानं त्यासाठी अर्जच केलेला नसतो. म्हणून मी चिन्ह शोधत बसत नाही. घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचते. दूध वापरलं असेल तर ते तिथे सांगणं बंधनकारक आहे. यादीत व्हे, केसीन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स असे शब्द दिसले तर ते दूधच. कॉफीच्या 'नॉन डेअरी' क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट असू शकतं, तिथे मी दोनदा फसले. "दुधाचा अंश असू शकतो" असं लिहिलेलं मात्र मी घेते. त्याच यंत्रावर दुसरा पदार्थ बनतो एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र ते घेऊ नये.

घरपोच किराणा देणाऱ्या एका ॲपवर मी 'व्हीगन' असं शोधून बिर्याणीचं पाकीट मागवलं होतं. आलं त्यावर तिसराच घटक तूप. तक्रार केली तर पैसे परत मिळाले, पण तो पदार्थ पुढे महिनाभर त्याच यादीत दिसत होता. आणखी एकदा सोयाबीनचा टोफू संपला म्हणून न विचारता पनीर पाठवलं. रात्री दहा वाजता, उपाशीपोटी, त्या पनीरकडे बघून मला रडू आलं होतं. आईनं ते शेजारी दिलं आणि मला मेतकूट-भात कालवून दिला, वर कच्चं शेंगदाणा तेल घालून. तेव्हापासून बदली वस्तू नको, असं मी प्रत्येक ऑर्डरला नोंदवते.

दुधाच्या जागी काय, हे सगळे विचारतात. पाकिटावर 'सोया मिल्क' शोधू नका, सोया ड्रिंक किंवा बेव्हरेज असं लिहिलेलं असतं. नियमानुसार दूध हा शब्द त्यांना वापरता येत नाही. नारळाच्या दुधाला चालतो. चहासाठी सोया घेणार असाल तर आलं घालून चहा आधी पूर्ण उकळा, गाळा, दोन मिनिटं थांबा, आणि कोमट केलेल्या सोयात तो हळूहळू ओता. उकळत्या चहात थंड सोया ओतलं की फाटतं. ओटचं पेय फाटत नाही, चहाला दाटपणाही येतो, पण लिटरला दोनशेच्या वर जातं. ते मी फक्त पाहुण्यांसाठी आणते. उन्हाळ्यात मस्तानीची फार आठवण येते. हापूसचा रस, दाट नारळाचं दूध आणि वर काजूचं आइस्क्रीम घालून घरी केली तर मन भरतं. अगदी तीच चव येत नाही, पण मन भरतं.

कॅम्पातल्या दोराबजी या दुकानात दोन-तीन महिन्यांतून एकदा जाते. टोफू, वनस्पतींपासूनची वेगवेगळी दुधं, काजूचं चीज असं एकाच ठिकाणी बघायला मिळतं आणि हातात घेऊन वाचता येतं, हे माझ्यासाठी मोठं सुख आहे. चीज महाग आहे आणि नेहमीच्या जेवणाला लागत नाही. वनस्पतीजन्य मांस आता बरंच मिळतं. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांच्या कंपनीनंही २०२१मध्ये असे पदार्थ बाजारात आणले. माझा भाऊ मटण खाणारा. त्याला मी खिम्याचा असा एक प्रकार मालवणी मसाल्यात करून घातला, तो मिटक्या मारत जेवला. पण रोज परवडणारी प्रथिनं हवी असतील तर सोयाबीनच्या वड्या आणा. कोरड्या शंभर ग्रॅममध्ये जवळपास ५२ ग्रॅम प्रथिनं असतात. मिठाच्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायच्या, नाहीतर त्यांचा उग्र वास जात नाही.

बाकीचं सगळं आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं. थालीपिठाची भाजणी, नाचणीचं पीठ, कारळाची, जवसाची आणि लसणाची चटणी, पोहे, कुरडया, कोकमाचं आगळ. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून तिची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून चारदा होतेच.

एक गोष्ट कुठल्याच दुकानातल्या भाजीपोळीत मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. हे मी प्रयोगशाळेत रोज आकडे बघणारी म्हणून कळकळीनं सांगते. दूध पिणारेही यातून सुटलेले नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींचं बी-१२ कमी निघालं. दूध सोडल्यावर तर गोळी हवीच. डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. मी पहिलं वर्ष हलगर्जीपणा केला, तेव्हा पायाला मुंग्या यायच्या. आता आकडा व्यवस्थित आहे.

केंद्रातल्या काकूंबद्दल थोडं राहिलं. गेल्या वर्षी त्यांच्या हाताखाली नवीन बाई आल्या आणि माझ्या पोळ्यांना दोनदा तूप लागलं. मी परत केल्या नाहीत, गेटवरच्या वॉचमनकाकांना दिल्या. पण काकूंना सांगितलं, आणि का, तेही सांगितलं. गोऱ्ह्याची गोष्ट त्यांनी पोळी लाटता लाटता ऐकली. त्यांचं माहेर बारामतीकडचं, त्यांना मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर दोन डबे आले. एकावर खडूनं 'तूप' आणि दुसऱ्यावर 'तेल'. परवा मी गेले तेव्हा तेलाचा डबा रिकामा होता. काकू म्हणाल्या, "थांब दोन मिनिटं, लाटून देते. हल्ली तुझ्याशिवाय अजून चौघं-पाच जण घेऊन जातात."